मेकॉले त्या दिवशी संसदेत नव्हता : एका बनावट अवतरणाची उलटतपासणी

२ फेब्रुवारी १८३५ रोजी थॉमस बॅबिंग्टन मेकॉले ब्रिटिश संसदेत बोलला नाही. त्या दिवशी तो लंडनमध्ये नव्हता, कलकत्त्यात होता. तो तेव्हा संसदेचा सदस्यही नव्हता. आणि त्या दिवशी संसद भरलेलीच नव्हती.

ही चार वाक्ये पुरेशी ठरायला हवी होती. ती ठरत नाहीत, म्हणून हा थ्रेड.

शिक्षणाच्या माध्यमावरून वाद पेटला की ते चित्र पुन्हा फिरू लागते. पिवळसर कागद, कोपऱ्यात मेकॉलेचा चेहरा, वर ठळक तारीख, खाली इंग्रजी मजकूर. आशय सर्वांना पाठ आहे. आपण भारत उभा-आडवा पालथा घातला, पण एकही भिकारी दिसला नाही, एकही चोर दिसला नाही. एवढी संपत्ती, एवढी नीतिमत्ता! या देशाचा कणा म्हणजे त्याचा आध्यात्मिक आणि सांस्कृतिक वारसा. तो मोडल्याखेरीज हा देश जिंकता येणार नाही. म्हणून त्याची जुनी शिक्षणपद्धती बदलावी, म्हणजे परके ते सारे श्रेष्ठ असे मानून हे लोक स्वाभिमान गमावतील आणि खऱ्या अर्थाने अंकित होतील.

हा मजकूर व्यासपीठांवरून वाचला गेला आहे, पुस्तकांत छापला गेला आहे, मोठ्या पदांवरील माणसांच्या भाषणांत आला आहे. मेकॉलेच्या नावावर तो मात्र कुठेही सापडत नाही. त्याच्या भाषणांत नाही, पत्रांत नाही, टिपणांत नाही.

आधी तारखेकडे पाहावे. मेकॉले १८३२ पासून लीड्सचा खासदार होता. गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचा कायदा सदस्य म्हणून नेमणूक झाल्यावर १८३४ च्या आरंभी त्याने ती जागा सोडली, आणि जून १८३४ मध्ये तो मद्रासच्या किनाऱ्यावर उतरला. इंग्लंडला परतला तो १८३८ साली. डिसेंबर १८३४ च्या अखेरीस ब्रिटिश संसद विसर्जित झाली होती, निवडणुका सुरू होत्या, आणि नवी संसद भरली १९ फेब्रुवारी १८३५ रोजी. त्याआधी ऑक्टोबर १८३४ मध्ये तर वेस्टमिन्स्टरच्या जुन्या इमारतीचा बराच भाग आगीत भस्मसात झाला होता. म्हणजे वक्ता सात समुद्रांपलीकडे, सभागृह जळालेले आणि सभासद मतदारसंघांत मते मागत फिरत आहेत, अशा अवस्थेत हे भाषण झाले असे मानावे लागते.

मग प्रवास. १८३५ च्या फेब्रुवारीपर्यंत मेकॉलेने भारताचा किती भाग पाहिला होता? मद्रासहून तो पालखीत बसून, माणसांच्या खांद्यांवरून, म्हैसूरमार्गे उटकमंडला बेंटिंकच्या भेटीस गेला. तेथून परत मद्रासला आला आणि समुद्रमार्गे कलकत्त्यास पोहोचला. गंगेचे खोरे नाही, राजपुताना नाही. उभा-आडवा भारत म्हणतात तो हा.

आणि आता तो शब्द, जो मराठी वाचकाला तरी खटकायलाच हवा होता : जिंकता येणार नाही. नोव्हेंबर १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. १८१८ साली पेशवाई बुडाली, बाजीराव बिठूरला जाऊन बसला. म्हैसूर १७९९ मध्येच पडले होते, दिल्लीचा बादशहा कंपनीचा पेन्शनर झाला होता. पंजाब आणि सिंध वगळता उपखंडात कंपनीला आव्हान देईल अशी सत्ता उरलेली नव्हती. विजयानंतर सतरा वर्षांनी विजेता संसदेत उभा राहून हा देश जिंकावा कसा असे विचारतो आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणी त्याला हसत नाही! ज्याने शाळेत १८१८ हे साल एकदा पाठ केले आहे त्याला हे अवतरण वाचताच ठेच लागायला हवी होती. हॅन्सार्ड उघडण्याचीही गरज नव्हती.

भाषेचे तर विचारूच नये. राष्ट्राचा कणा, आध्यात्मिक आणि सांस्कृतिक वारसा हे शब्दप्रयोग विसाव्या शतकातील व्याख्यानांचे आहेत. १८३० च्या दशकातील व्हिग राजकारण्याच्या तोंडी ते तितकेच विसंगत वाटतात, जितके शिवकालीन पत्रात ‘सर्वांगीण विकास’ हे शब्द वाटतील. अस्सल कागद ओळखताना शाई आणि कागद पाहतात, तसे शब्दांचे वयही पाहतात. बनावट सनदा पकडण्याची ही जुनी रीत आहे.

मग ही तारीख आली कोठून? येथे प्रकरण रंजक होते, कारण तारीख खरी आहे. २ फेब्रुवारी १८३५ रोजी मेकॉलेने खरोखर काहीतरी लिहिले. गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक याच्यासाठी लिहिलेले ते शिक्षणविषयक टिपण होय. बनावट नाण्यालाही वजन यावे म्हणून थोडी खरी चांदी घालतात, तशी ही तारीख. अवतरणाच्या शेवटी नेमका दिवस, महिना, साल असले की वाचकाचा हात आपोआप ‘फॉरवर्ड’कडे जातो. नेमकेपणा म्हणजे पुरावा, अशी एक समजूत रुजली आहे. वास्तविक तारीख ही शोधाची सुरुवात असते. त्या दिवशी कोण, कोठे, काय करीत होते हे पाहण्यासाठी ती दिलेली असते.

इथवर आले की ठरलेले उत्तर येते. ते उत्तर हाच या थ्रेडचा खरा प्रतिपक्ष आहे.

“बरे, शब्द त्याचे नसतील. पण भाव तर खरा आहे ना? मेकॉलेला हेच करायचे होते.”

हे उत्तर सुशिक्षित लोक देतात, इतिहासावर प्रेम असलेले लोक देतात, आणि ते देताना आपण एका क्षुल्लक तांत्रिक चुकीकडे उदारपणे काणाडोळा करीत आहोत अशी त्यांची भावना असते. चूक तांत्रिक नाही. भावही खरा नाही. मेकॉलेचे खरे टिपण ज्याने एकदा सलग वाचले आहे, तो हे वाक्य उच्चारू शकणार नाही.

खोट्या अवतरणातील मेकॉले भारताचे कौतुक करतो. तो या देशाच्या संपत्तीने आणि नीतीने दिपलेला आहे, मत्सराने पेटलेला आहे. खऱ्या टिपणातील मेकॉले कोणालाही दिपलेला नाही. आपल्याला संस्कृत येत नाही आणि अरबीही येत नाही, हे तो स्वतःच सांगतो. आणि लगेच निर्णय देतो की चांगल्या युरोपीय ग्रंथालयातील एका फळीपुढे भारत आणि अरबस्तान यांचे सारे वाङ्मय फिके पडेल. येथील इतिहास म्हणजे तीस फूट उंचीच्या राजांच्या आणि तीस हजार वर्षांच्या राजवटींच्या कथा. भूगोल म्हणजे काकवीचे आणि लोण्याचे समुद्र. वैद्यक असे की इंग्लंडमधल्या घोड्यांच्या वैद्यालाही लाज वाटावी. १८४० साली क्लाइव्हवर लिहिलेल्या निबंधात तो मराठ्यांना लुटारूंच्या टोळ्या म्हणूनच रंगवतो. हा माणूस भारतात एकही चोर दिसला नाही असे म्हणेल?

म्हणजे खोट्या अवतरणाने मेकॉलेवर अन्याय केला असे म्हणण्यापेक्षा त्याला सूट दिली असे म्हणणे अधिक रास्त. अज्ञानाची कबुली देऊन त्याच श्वासात एका संस्कृतीचा निकाल लावणारा उद्धटपणा हा त्याच्यावरचा खरा आरोप आहे, आणि तो त्याच्याच हस्ते सिद्ध होतो. तो बाजूला ठेवून त्याच्या तोंडी आपलीच स्तुती घालायची, आणि ती स्तुती शत्रूने केली म्हणून सुखावायचे, असा हा व्यवहार आहे. अवतरण पसरते ते रागामुळे कमी, सुखामुळे जास्त. भिकारी नव्हता, चोर नव्हता, असे गोऱ्या साहेबाच्या प्रमाणपत्रावर वाचायला मिळते. ज्या मानसिक गुलामगिरीविरुद्ध ते फिरवले जाते, तिचा याहून चांगला नमुना शोधून सापडणार नाही.

खऱ्या टिपणात आणखी काय आहे? बरेचसे रूक्ष आहे. १८१३ च्या चार्टर कायद्याने विद्येच्या उत्तेजनासाठी वर्षाला एक लाख रुपये राखून ठेवायला सांगितले होते. ते कशावर खर्च करावेत यावरून सार्वजनिक शिक्षणाच्या समितीत दोन तट पडले होते. एक तट संस्कृत-अरबीच्या बाजूचा, दुसरा इंग्रजीच्या. मेकॉले दुसऱ्या तटाचा वकील. वकिलाला शोभेल असा तो हिशेब मांडतो : समितीने तीन वर्षांत संस्कृत आणि अरबी पुस्तकांच्या छपाईवर सुमारे साठ हजार रुपये घालवले, विक्री हजार रुपयांचीही झाली नाही, तेवीस हजार ग्रंथ कोठारांत पडून आहेत. उलट स्कूल बुक सोसायटी वर्षाला सात-आठ हजार इंग्रजी पुस्तके विकते आणि वर वीस टक्के नफा काढते. संस्कृत कॉलेजात दहा-बारा वर्षे काढलेल्या विद्यार्थ्यांनी आपल्याला कोणी विचारत नाही म्हणून सरकारकडे केलेला अर्जही तो पुराव्यात आणतो. आपला सल्ला मानला नाही तर समितीचे काम सोडू, अशी धमकीही शेवटी आहे.

या आकड्यांशी भांडता येते. भांडायलाच हवे. पुस्तके विकली गेली नाहीत म्हणजे विद्या निरुपयोगी, हा युक्तिवाद लंगडा आहे. नोकऱ्यांच्या वाटा ज्या सरकारच्या हाती, त्याच सरकारने संस्कृत पढलेल्यांना नोकरी मिळत नाही असे म्हणावे हे ढोंग आहे. पण असे भांडायचे तर टिपण वाचलेले असावे लागते. खोटे अवतरण हाती असणाऱ्याला त्याची गरजच उरत नाही. त्याच्यापुढे कट करणारा खलनायक आहे. आकडे देणारा, चुकणारा, फसवणारा धोरणकर्ता त्याला दिसत नाही. खलनायकाशी वाद घालता येत नाही, त्याला फक्त शिव्या देता येतात.

जे वाक्य खरोखर मेकॉलेचे आहे त्याचीही गत फारशी वेगळी नाही. रक्ताने व रंगाने भारतीय पण अभिरुची, मते, नीती आणि बुद्धी यांनी इंग्रज असा एक दुभाषी वर्ग निर्माण करावा, हे ते वाक्य. ते नेहमी येथेच तोडतात. त्याच्या पुढच्या वाक्यात मेकॉले म्हणतो की या वर्गाने देशी भाषा घडवाव्यात, पाश्चात्त्य शास्त्रांच्या परिभाषेने समृद्ध कराव्यात आणि हळूहळू सर्वसामान्य जनतेपर्यंत ज्ञान नेण्यास योग्य बनवाव्यात. हे त्याचे औदार्य समजण्याचे कारण नाही. देशी भाषा दरिद्री आहेत हे गृहीत त्यातही आहेच, आणि त्या भाषांसाठी पैसा कोणी द्यायचा याबद्दल मौन आहे. तरीही वाक्य कोठे तोडले जाते यावरून तोडणाऱ्याला काय नको होते ते कळते.

मेकॉलेची बाजू घेणारेही येथे सुटत नाहीत. ‘व्हॉट्सॲप विद्यापीठ’ असे म्हणून खिल्ली उडवणाऱ्यांपैकी कित्येकांनीही टिपण वाचलेले नसते. अवतरण खोटे आहे एवढे एका दुव्यावरून कळले की मेकॉले निर्दोष ठरतो, मग तो आधुनिक भारताचा शिल्पकार होतो, आणि दंडसंहितेचा मसुदाही त्यानेच केला होता याची आठवण करून दिली जाते. एका अवतरणाचे खोटेपण दुसऱ्या मताच्या खरेपणाचा पुरावा होत नाही. इंग्रजीने जातीची कोंडी फोडली म्हणून २५ ऑक्टोबरला मेकॉलेचा जन्मदिवस साजरा करणारे काही दलित विचारवंत आहेत. त्यांचा युक्तिवाद गंभीर आहे, तो स्वीकारावा वा नाकारावा, पण तो ऐकून. थट्टा करणाऱ्यांनी तोही ऐकलेला नसतो.

आता मूळ प्रश्न. एवढे उघड खोटे टिकते कसे? “हजारो ठिकाणी आहे, सगळे खोटे असेल का?” या विचाराने. इतिहासाच्या विद्यार्थ्याला या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातच शिकायला मिळाले आहे, तेही शंभर वर्षांपूर्वी.

शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद आठवावा. अनेक बखरींत शके १५४९ चा वैशाख होता. बखरींची संख्या मोठी होती आणि परंपरेचे वजन त्यांच्यामागे होते. पण बखर बखरीवरून उतरते. मल्हार रामराव चिटणीसांची बखर महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली. अशा दहा बखरी एकच गोष्ट सांगत असतील तरी त्या दहा साक्षी होत नाहीत, एका साक्षीचे दहा प्रतिध्वनी होतात. मग लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रसिद्ध केली. तीत फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ अशी तिथी होती. एकच कागद, बखरींच्या गर्दीपुढे एकटा. पुढे तंजावरकडून परमानंदाचे शिवभारत हाती आले, ते समकालीन. त्यातही तीच तिथी. जोधपूरच्या संग्रहात कुंडली सापडली. तिचाही मेळ तिच्याशीच. कारी गावचे जेधे, तंजावरची पोथी आणि राजस्थानातील ज्योतिषी यांनी एकमेकांवरून नक्कल केली असण्याचा संभव नव्हता. तीन स्वतंत्र साक्षींनी बखरींची गर्दी हरवली. महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अधिकृतपणे स्वीकारली ती २००१ साली. एवढा काळ वाद चालला, आणि तो कागदांवरच चालला.

फॉरवर्ड म्हणजे बखरीची नक्कल. लाख फॉरवर्ड म्हणजे शून्य साक्षी, जर मूळ कागदच नसेल तर.

हे नवे ज्ञान नव्हे. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली आला, तेव्हा तो जेत्याने लिहिलेला, छापील, संदर्भांसह असा ग्रंथ होता. इंटरनेटच्या भाषेत सांगायचे तर ‘व्हेरिफाइड’ खाते. त्याची पहिली खणखणीत चिकित्सा १८६० च्या दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने या विद्यार्थ्याने केली. पदवी, पद, ग्रंथालय यांपैकी फारसे काही हाती नसलेल्या तरुणाने विचारले की या विधानाला आधार काय. पुढे वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि त्याच्या प्रस्तावनेत बखरींची हजेरी घेतली. त्यांच्या बखरी, परक्यांच्या नव्हेत. पानिपतच्या बखरींतील आकडे आणि प्रसंग त्यांनी अस्सल पत्रांशी ताडून पाहिले आणि जे टिकले नाही ते बाजूला काढले. राजवाड्यांचा स्वदेशाभिमान कोणाहून उणा होता असे कोणी म्हणणार नाही. अभिमान होता म्हणूनच खोटा कागद त्यांना खपत नव्हता.

आणि आज त्याच राजवाड्यांचे नाव प्रोफाइलमध्ये मिरवणारी खाती मेकॉलेचे पिवळे चित्र फिरवतात.

यंत्रांनी अडचण आणखी वाढवली आहे. भाषेचे यंत्र विचारताक्षणी अवतरण तयार करते, त्याला तारीख लावते, ग्रंथाचे नाव आणि पृष्ठ क्रमांकही जोडते. मोडीचा भास होईल असे चित्रही काढून देते. उत्तर सफाईदार असते आणि सफाईदारपणाच फसवतो. अस्सल कागद बहुधा फाटका असतो, त्यातील तारीख अर्धी असते, नाव लागत नाही. संशय घ्यावा तर अशा अवतरणाचा, ज्यात काहीच अडत नाही आणि जे वाचणाऱ्याला हवे तेच, हव्या त्या शब्दांत सांगते.

तपासणीला वेळ नाही, ही सबबही चालणार नाही. हॅन्सार्ड म्हणजे ब्रिटिश संसदेच्या चर्चांची नोंद. १८०३ पासूनची ती फुकट पाहता येते. राजवाडे एका दप्तरासाठी गावोगाव पायपीट करीत. वाड्यांच्या दारांतून परत पाठवले जात. आजच्या वाचकाला दहा मिनिटे बोट हलवायचे आहे.

जुनी देशी शिक्षणव्यवस्था होती आणि इंग्रजी अमलात ती मोडली, असे ज्यांना मांडायचे आहे त्यांच्यासाठीही खोटे अवतरण निरुपयोगी आहे, कारण त्यांच्याजवळ खरा पुरावा आहे. टॉमस मन्रोने १८२२ मध्ये मद्रास इलाख्यातील शाळांची पाहणी सुरू करवली. जिल्हावार, जातवार आकडे आले. विल्यम ॲडमने १८३५ ते १८३८ या काळात बंगाल-बिहारमधील देशी शाळांवर अहवाल लिहिले. धर्मपाल यांनी अभिलेखागारांत बसून मन्रोचे आकडे हाताने उतरवले आणि १९८३ साली पुस्तकरूपाने पुढे आणले. त्यात अनेकांच्या समजुतीला धक्का देणारी माहिती आहे : तमिळ जिल्ह्यांतील कित्येक शाळांत शूद्र म्हणून नोंदलेली मुले ब्राह्मण मुलांपेक्षा संख्येने जास्त होती. तेलुगू भागात चित्र वेगळे दिसते, आणि मुलींची संख्या बहुतेक ठिकाणी नगण्य. हा पुरावा गौरव करणाऱ्यालाही अडवतो, निंदा करणाऱ्यालाही. म्हणूनच बहुधा तो फॉरवर्ड होत नाही.

खोट्या अवतरणाचा सगळ्यात मोठा अपराध मात्र मेकॉलेशी संबंधित नाही. त्याने या कथेतून भारतीय माणसे पुसून टाकली. कथा अशी उरली : एक साहेब आला, त्याने कट केला, आणि कोट्यवधी लोक निमूट बदलले. प्रत्यक्षात कलकत्त्याचे हिंदू कॉलेज १८१७ साली तेथील हिंदूंच्या पुढाकाराने निघाले, मेकॉले तेव्हा केंब्रिजमध्येही पोहोचला नव्हता. राममोहन रॉय यांनी १८२३ मध्ये लॉर्ड ॲम्हर्स्टला पत्र लिहून नव्या संस्कृत कॉलेजला विरोध केला आणि गणित, रसायन, शरीरशास्त्र मागितले. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ जानेवारी १८३२ मध्ये मुंबईत निघाले, एका स्तंभात इंग्रजी, शेजारी मराठी. ही माणसे कोणाच्या कटाची बाहुली नव्हती. ती चुकली असतील, पण विचार करून चुकली.

मुंबईत तर हा झगडा पुढे दशकभर चालला. १८४० च्या दशकात बोर्ड ऑफ एज्युकेशनचा अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीकडे झुकलेला. त्याच्या विरुद्ध कर्नल जर्व्हिस, आणि जर्व्हिसच्या बाजूने जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. एक मराठी भाषक, एक पारशी, एक मुसलमान. तिघांचे म्हणणे असे की लोकांना शिकवायचे तर त्यांच्या भाषेत शिकवावे लागेल. मराठीसाठी प्रामाणिकपणे लढू पाहणाऱ्याला याहून मजबूत पूर्वज हवेत कशाला? पण शंकरशेटांचे ते मत किती जणांनी पाहिले आहे, आणि पिवळे चित्र किती जणांनी?

ज्ञान वरून खाली झिरपेल या कल्पनेला खरा प्रहारही पुण्यातून झाला. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. सरकारचे उत्पन्न शेतकऱ्याच्या घामातून येते आणि ते वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होते. त्या शिकलेल्यांनी खालच्यांसाठी काय केले ते दाखवा, असा त्यांचा सवाल होता. किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी. साम्राज्याच्या शिक्षणधोरणावरचा हा आरोप अस्सल आहे, तारीखवार आहे, छापील आहे. त्यात प्राचीन वैभवाची स्तुती नाही, म्हणून तो चित्रावर चढत नाही.

राहता राहिले ते १८३५. मेकॉलेच्या टिपणाने एका दिवसात सारे उद्ध्वस्त झाले, असेही नाही. बेंटिंकने टिपणाला पूर्ण संमती दिली आणि ७ मार्च १८३५ चा ठराव इंग्रजीच्या बाजूने झाला. पण चालू असलेल्या देशी विद्यालयांना बंद करण्याचा हेतू नाही असेही त्या ठरावात नमूद करावे लागले, आणि १८३९ मध्ये ऑकलंडने प्राच्य विद्यालयांना पैसे पुन्हा दिले. हे असे का झाले? कलकत्त्याचा मदरसा आणि संस्कृत कॉलेज बंद होणार अशी बातमी फुटताच मुसलमानांनी आणि हिंदूंनी अर्ज केले होते. हजारो सह्यांचे. समितीतील दुसऱ्या तटाचा एच. टी. प्रिन्सेप १५ फेब्रुवारीला मेकॉलेला उत्तर देणारे टिपण लिहून बसला होता. मेकॉलेने त्याच्या समासात आपले शेरे मारले आहेत. टिपण, उत्तर, समासातील शेरे आणि ठराव हे सारे एच. शार्पने १९२० साली सरकारी शैक्षणिक कागदपत्रांच्या निवडक संग्रहाच्या पहिल्या भागात एकत्र छापले. तो खंड कोणालाही फुकट उतरवून घेता येतो. मेकॉलेची ती फळी त्यात आहे, काकवीचा समुद्र आहे, साठ हजारांचा हिशेब आहे, आणि काही पानांनंतर समासात प्रिन्सेपशी त्याने घातलेली हुज्जत आहे.

पिवळ्या चित्रावरचे भाषण तेवढे त्यात नाही.